बिनशिक्क्याचं कार्ड

दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "कॉलेजच्या ऑफिसातल्या गमतीजमती लिहा. इतकी वर्षं खिडकीवर बसलात, किस्से भरपूर असतील." किस्से आहेत. पण लिहायला बसलो की मला गंमत आठवत नाही, राग आठवतो. राग लिहिला तर चालेल का, असं विचारलं. ते म्हणाले, सणासुदीचा अंक आहे, थोडा चालेल. थोडा म्हणजे किती ते त्यांनी सांगितलं नाही, म्हणून मी माझ्या मापानं लिहितो आहे.

जालना जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात क्लार्क म्हणून लागलो. प्रवेश, दाखले, परीक्षेचे फॉर्म ही कामं माझ्याकडे. बाहेर पोरं, आत मी, मध्ये खिडकीचे गज. पोरं मला सर म्हणायची आणि त्यांचे बाप साहेब म्हणायचे. प्राचार्य सोडले तर त्या इमारतीत मला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं ते माझ्या अंगाशी येणार आहे.

लोकांना वाटतं, कॉलेजच्या क्लार्कचं मोठं काम म्हणजे प्रवेश देणं. प्रवेश देणं सोपं असतं. फॉर्म घ्यायचा, फोटो चिकटवायचा, रजिस्टरला नाव चढवायचं. खरी कसोटी पोरगं जायला निघतं तेव्हा लागते. जाण्याचे दोन रस्ते आहेत. एक, दाखला काढून जायचं. दाखला काढला की जनरल रजिस्टरात नावावर लाल रेघ पडते, पोरगं आमचं राहत नाही, आणि परत यायचं तर नव्यानं रांगेत उभं राहावं लागतं. दुसरा रस्ता असा की दाखला काढायचाच नाही. एक अर्ज द्यायचा, सोबत कारणाचा पुरावा जोडायचा, आणि त्या वर्षी फॉर्म भरायचा नाही. कागद आमच्याकडे राहतात, नाव राहतं, पुढच्या जूनमध्ये येऊन सही केली की पुढच्या वर्गात बसता येतं. ऑफिसच्या भाषेत याला खंड म्हणतात, पोरं गॅप म्हणतात.

हा दुसरा रस्ता लोकांना माहीत नसतो. शिक्षण थांबवायचं म्हटलं की बाप आधी दाखला मागायला येणार. पोरगी घरी चालली तर तिचे कागद परक्या कपाटात कशाला, अशी भावना. तो दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत लुगड्यांच्या खाली जाणार आणि तिथंच पिवळा पडणार. दर वर्षी जूनमध्ये मी या बापांशी भांडत आलो. दाखला नेऊ नका, नाव राहू द्या, हे सांगून सांगून माझा घसा बसायचा.

दाखल्यावर एक रकाना असतो, कॉलेज सोडण्याचे कारण. दोन बोटं रुंदीचा. त्यात मी हयातभर 'घरगुती अडचण' हे दोन शब्द लिहिले. म्हैस व्याली तरी घरगुती अडचण, भावाचं लग्न निघालं तरी घरगुती अडचण. कुणाच्या घरची, कुणी केलेली, आणि ती निस्तरायला घरातलं हेच माणूस का, एवढं लिहायला त्या रकान्यात जागा ठेवलेली नाही. ज्यानं तो नमुना छापला त्याला कधी भेटलो असतो तर दोन शब्द सुनावले असते.

तर मी एक वही केली होती. सरकारी नव्हे, माझी स्वतःची. तिच्यावर लिहिलं होतं, 'परत येणारे'. जो कुणी एक वर्षानं येतो म्हणून जायचा, त्याचं नाव, पत्ता आणि त्याच्या कागदांच्या गठ्ठ्याचा नंबर मी त्यात लिहून घ्यायचो. पुढच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एक पोस्टकार्ड टाकायचो. मजकूर ठरलेला असायचा, फक्त तारीख बदलायची. 'यंदाचे प्रवेश वीस जूनपर्यंत चालू आहेत. तुमची जागा आहे. येताना गुणपत्रिका आणावी. काही अडचण असल्यास मला येऊन भेटावे.' हे काम मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी ते मिजाशीत करायचो, हेही कबूल करतो.

पहिल्या वर्षी ही कार्डं घेऊन मी प्राचार्यांकडे गेलो आणि कॉलेजचा शिक्का मारू का, असं विचारलं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "मधुकरराव, शिक्का संस्थेचा आहे. उद्या जागा नसली आणि एखाद्यानं हे कार्ड कोर्टात दाखवलं, तर तुम्ही जाणार का? संस्थेचं नाव नको, हुद्दा नको, शिक्का नको. तुम्हाला हौस असेल तर स्वतःच्या नावानं टाका."

शिक्का माझ्याच टेबलाच्या वरच्या खणात होता. मी तो मारला असता तर त्यांना कळलंही नसतं. पण माझं डोकं फिरलं. तुमचा शिक्का तुम्हाला लखलाभ, असं मनात म्हणालो आणि प्रत्येक कार्डाखाली ठसठशीत अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. ना कॉलेज, ना हुद्दा. ही कार्डं माझी, हे दिसायलाच पाहिजे होतं मला.

कार्डांचा उपयोग व्हायचा. भगवान नावाचा एक पोरगा घनसावंगीच्या लाइनीवर जीप चालवायचा. बापाला दम्यानं धरलं म्हणून बी.ए.च्या पहिल्या वर्षानंतर एक वर्षासाठी गेला आणि दोन वर्षं झाली. दुसऱ्या कार्डाला मात्र आला. आता दोन वर्षांचा खंड पडला की तहसीलमध्ये जाऊन शपथपत्र करावं लागतं. त्यात छापील मजकूर असतो की या काळात मी कोठेही शिक्षण घेत नव्हतो आणि कोणतीही नोकरी किंवा व्यवसाय करीत नव्हतो. भगवान ते हातात धरून माझ्या खिडकीशी आला.

"सर, दोन साल पहाटं पाचपासून जीप चालवून राह्यलो. अन् आता शपथंवर लिहू का, बसून होतो?"

"लिही," मी म्हणालो. "नाहीतर प्रवेश होत नाही."

"ज्या बाबूनं हे टाइप केलं ना सर, त्यो रोज माझ्याच जीपात पुढच्या सीटवर बसतो. त्यालाबी म्हाईत हाय बराबर."

मी त्याच्यावर ओरडलो, सही करून घेतली आणि त्याला दुसऱ्या वर्षाला बसवला. राबणाऱ्या पोरानं मी दोन वर्षं काहीच केलं नाही असं शपथेवर सांगायचं, मग त्याला शिकायची परवानगी, असला तो कायदा. भगवान बी.ए. झाला. माझं कार्ड त्यानं जीपच्या आरशामागं खोचून ठेवलं होतं, आणि बसणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचा. त्यामुळं मी जास्तच फुगलो. त्याच्या घरी ते कार्ड गेलं तेव्हा 'हा मधुकर कोण' असं त्याला कुणीही विचारलं नव्हतं, ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यातही आली नाही.

आता जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येतो.

वैजयंता शहागडच्या बाजूची. गोदावरीच्या काठचं गाव, बागायती घर, वाड्यात ट्रॅक्टर. एस.टी.चा पास काढून रोज यायची. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला तिला गणितात आमच्या कॉलेजात सगळ्यांत जास्त गुण पडले होते. गणिताचे सर कुणाचं कधी चांगलं बोलायचे नाहीत, ते एकदा माझ्या टेबलापाशी येऊन तिची गुणपत्रिका मुद्दाम बघून गेले. त्याच जूनमध्ये तिचा बाप तिला घेऊन खिडकीशी आला. धोतर, पांढरी टोपी, हातात छत्री. ती त्याला आण्णा म्हणायची.

"साहेब, हिचा दाखला काढायचाय."

"कुठं घालताय तिला?"

"घालत कुठंच न्हाई. सालभर घरी ठिवायची. हिच्या मायची मांडी मोडली विहिरीच्या पायऱ्यावरून पडून. थोरली सून बाळंतपणाला गेली माहेरी. घरात करायला बाई न्हाई. एका सालाची तर बात हाय."

"मुलं किती तुम्हाला?"

"दोन हायत की."

"मग त्यांनी चूल पेटवली तर?"

आण्णा हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. थोरला शेतीत होता. धाकटा बारावी नापास होऊन परत बसणार होता, त्याचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून हिचं घालवायचं होतं. हे त्यांनी मला अगदी सहज सांगितलं, आज बाजार आहे असं सांगावं तसं. मला इतका संताप आला की मी टेबलावरचा टाचण्यांचा डबा सांडला.

दाखला काढू नका, खंडाचा अर्ज द्या, हे मी त्यांना समजावलं. कुरकुरत तयार झाले. पुराव्यासाठी त्यांनी खिशातून सरपंचाचं पत्र काढलं. पोरीची आई अंथरुणाला खिळलेली आहे, वगैरे. खाली सही होती, शिक्का नव्हता. माझा राग अजून उतरलेला नव्हता. तो नेमका त्या कागदावर निघाला.

"शिक्का कुठंय?"

"सरपंचाची सही हाय ना साहेब. म्हायाच चुलतभाऊ हाय तो."

"सही कुणीही करतं. बिनशिक्क्याचा कागद म्हणजे कोरा कागद. तुमचं नाव सोन्यानं लिहिलं असलं तरी. उद्या शिक्का मारून आणा." आणि मी तो कागद गजांतून बाहेर सरकवला. तो खाली पडला. आण्णांनी वाकून उचलला, झटकला आणि घडी करून खिशात ठेवला. मागं रांगेतली पोरं हसत होती.

खरं तर मी तो कागद घेऊ शकलो असतो. असे कितीतरी घेतले होते. त्या दिवशी मला त्या माणसाला एक हेलपाटा घालायला लावायचाच होता.

दुसऱ्या दिवशी दोघं परत आले. पत्रावर शिक्का होता, गडद निळा. मी अर्ज घेतला आणि वही काढून तिच्यापुढं केली. पत्ता तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिला. बाप पाणी प्यायला माठाकडे गेला तेव्हा तिनं हळूच विचारलं, "सर, पुढच्या साली जागा ऱ्हाईल का?"

"राहील. जूनमध्ये मी कार्ड टाकीन. कार्ड मिळालं की लगेच ये. तू येशील ना?"

"बिलकुल येईन सर."

पुढच्या जूनमध्ये पहिलं कार्ड मी तिलाच टाकलं. कुमारी वैजयंता, मुक्काम पोस्ट अमुक, तालुका, जिल्हा. वीस तारीख गेली. प्राचार्य यादी बंद करा म्हणून मागं लागले, मी काहीतरी सबबी सांगत महिनाअखेरपर्यंत ती जागा धरून ठेवली. त्यासाठी त्यांच्या शिव्या खाल्ल्या. ती आली नाही, तिचं पत्र नाही, निरोप नाही. शेवटी लाल पेन्सिलीनं वहीतल्या तिच्या नावावर आडवी रेघ मारली आणि पुढं लिहिलं, 'हीपण खोटं बोलली.'

तिथंच थांबलो असतो तरी ठीक होतं. पण त्यानंतर खंड घेऊन जाणाऱ्या पोरींना मी तिचं उदाहरण द्यायला लागलो. शहागडच्या बाजूची एक पोर होती, गणितात पहिली, तिच्यासाठी मी जागा धरून बसलो, बिलकुल येते म्हणाली आणि फिरकली नाही, तुमचं काही खरं नसतं. नऊ वर्षं मी ही गोष्ट खिडकीतून सांगत होतो. ऐकणाऱ्या पोरी खाली मान घालायच्या आणि मला वाटायचं, बरं झालं, लागलं असेल.

अठ्ठ्याण्णव सालच्या सप्टेंबरात, दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर, एक बाई खिडकीशी आली. अंगावर धुवट साडी, खांद्याला कापडी पिशवी. म्हणाली, "सर, माझे कागद इथंच हायत. दाखला अन् बारावीची गुणपत्रिका पाह्यजे. अंगणवाडीच्या जागा निघाल्यात."

कोणतं साल, कोणता वर्ग, असं विचारलं. तिनं सांगितलं, नाव सांगितलं. मी उठून खालच्या कपाटातून जुनी वही काढली, कारण गठ्ठ्याचा नंबर तिच्यातच होता. पान उघडलं आणि लाल रेघ दिसली. नऊ वर्षांचा राग तयारच होता.

"आता आठवण झाली का?" मी सुरू केलं. "तेव्हा बिलकुल येते म्हणाली होतीस. मी यादी अडवून धरली, साहेबांची बोलणी खाल्ली. दोन ओळींचं पत्र टाकायला काय झालं होतं?"

ती गजांतून माझ्यासमोरची वही वाचत होती. उलटी असली तरी लाल अक्षरं मोठी होती.

"मी काय खोटं बोलले सर?"

"कार्ड मिळालं नाही का तुला?"

"आल्तं. मला कुणी वाचू दिलं न्हाई." मग तिनं पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि एकेक सांगायला लागली. तिचा आवाज चढला नाही. "आण्णाला वाचता येत न्हाई. पोस्टमननं पारावर उभं राहून वाचलं. तुमची जागा हाय, मला येऊन भेटा, अन् खाली नाव, मधुकर. लोकं बसलेली व्हती. कुणीतरी इचारलं, ह्यो मधुकर कोण?"

"अगं पण प्रवेशाचं लिहिलं होतं मी त्यात. गुणपत्रिकेचं लिहिलं होतं."

"लिहिलं आसंल. मी बी तेच म्हणले. आण्णा, कालेजातल्या सरांचं आसंल, ते कार्ड टाकतो म्हणल्ते. तर आण्णा म्हणले, कालेजचं आसतं तर शिक्का आसता. त्या साहेबानं मला सगळ्या पोरांसमोर कागद फेकून परत धाडलं व्हतं, बिनशिक्क्याचा कागद म्हंजी कोरा कागद म्हणून. मंग आता त्योच साहेब बिनशिक्क्याचं कसं धाडंल?"

मी खुर्चीवर बसलो. तो माणूस माझाच धडा पाठ म्हणत होता, आणि त्यात एक शब्दही चुकलेला नव्हता.

"पंधरा दिवसांत लगीन लावलं माझं," ती म्हणाली. "घनसावंगीकडं दिलं. नवरा बरा हाय, मारहाण न्हाई. पर कार्डाची गोष्ट माझ्याआधी सासरी जाऊन बसली. नणंदा मला मधुकरची म्हणायच्या. पोरगा झाला तव्हा म अक्षर आलं नावाला, तर सासरे म्हणले, ते सोडून कोणतंबी ठिवा." तिनं कट्ट्यावरची पिशवी जवळ ओढली. "सर, तुमचं नावबी मला म्हाईत न्हवतं. ते तुमीच का?"

"मीच."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. टक्कल, जाड काचांचा चष्मा, शाईचे डाग पडलेला खिसा. ती हसली. तसलं हसू मी पुन्हा कुणाचं पाहिलं नाही आणि पाहायची इच्छाही नाही.

"काय लिहिलं व्हतं सर कार्डात? समदं सांगा."

मला पाठ होतं. मी सांगितलं. यंदाचे प्रवेश वीस जूनपर्यंत. तुमची जागा आहे. गुणपत्रिका आणावी. अडचण असल्यास भेटावे.

"एवढंच?"

"एवढंच."

मी घाईघाईनं बोलायला लागलो. आता तुला परत प्रवेश मिळेल का बघतो, अभ्यासक्रम बदललाय, पहिल्या वर्षापासून बसावं लागेल, पण मी विद्यापीठात जाऊन बोलतो, काहीतरी रस्ता काढू. तिनं हात वर करून मला थांबवलं. पोरांना मी तसाच हात करायचो.

"मला आता शिकायचं न्हाई सर. नोकरी पाह्यजे. दाखला द्या."

मी दाखला लिहायला घेतला. कारणाचा रकाना आला आणि पेन थांबलं. "इथं काय लिहू?"

"काय लिहितात?"

"घरगुती अडचण."

"लिहा मंग. घरची व्हतीच. बाकीची लिहायला जागा बी दिसत न्हाई."

मी लिहिलं. वरचा खण उघडला, शिक्का काढला, पॅडवर दाबला आणि दाखल्यावर मारला. ती बघत होती.

"ह्यो शिक्का तव्हा कुठं व्हता सर?"

खोटं बोलता आलं असतं. प्राचार्यांच्या खोलीत, कुलपात, असं काहीही सांगता आलं असतं. ते प्राचार्य तोवर निवृत्त होऊन गेले होते. "याच खणात," मी म्हणालो.

"मंग का न्हाई मारला?"

मी तिला सगळं सांगितलं. प्राचार्य काय म्हणाले, मला कसा राग आला, आणि त्या रागात मी स्वतःचं नाव कसं ठसठशीत लिहिलं. सांगताना मला माझीच लाज वाटत होती. मला आजही राग येतो. त्या पोस्टमनचा येतो, पारावर बसून दुसऱ्याच्या पोरीचं कार्ड ऐकणाऱ्यांचा येतो, बारावी नापास भावाचा येतो, शिक्क्याला जपणाऱ्या प्राचार्यांचा येतो, आणि आण्णांचा तर येतोच. पोरीचं ऐकायचं सोडून त्यांनी शिक्क्याचं ऐकलं. पण सगळ्यांना वाटून दिला तरी माझा वाटा पुरून उरतो. तो वाटा मी कुणावर ढकलू शकलेलो नाही. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक कार्डावर शिक्का मारला, पुढून आणि मागून, कुणाला न विचारता. त्यानं तिचं काय भलं झालं, हे मला विचारू नका.

तिनं दाखल्याची घडी केली नाही. गुणपत्रिकेबरोबर पिशवीतल्या वहीत नीट सपाट ठेवला. मग म्हणाली, "कार्ड हाय का एखादं?"

माझ्या खणात कार्डं नेहमीच असायची. मी एक काढलं.

"आण्णाच्या नावानं लिहा. माझ्या नको."

पत्ता मला वहीतून बघून लिहावा लागला, तिच्याच जुन्या अक्षरातून. पत्ता झाला. "मजकूर काय लिहू?"

"तेच लिहा. हिची जागा हाय."

"पण आता जागा नाही ना वैजयंता."

"तव्हा व्हती ना? मंग तसं लिहा. व्हती."

मी लिहिलं. 'आपली कन्या कुमारी वैजयंता हिची बी.एस्सी. द्वितीय वर्षाची जागा या कॉलेजात राखून ठेवलेली होती. ती घेण्यासाठी तिने यावे असे कार्ड त्या वेळी याच ऑफिसातून पाठवलेले होते.' खाली पूर्ण नाव लिहिलं आणि नावाखाली, आयुष्यात पहिल्यांदा, हुद्दा लिहिला.

"आण्णा अजून पारावर बसतात?" मी विचारलं.

"बसतात. पोस्टमन नवा हाय. पर वाचतो त्योबी मोठ्यानंच."

मी शिक्का मारला आणि कार्ड गजांतून तिच्याकडे दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरून आधी सगळा मजकूर वाचला, मग परत एकदा वाचला. मग उजेडाकडे धरून शिक्का बघितला आणि कार्ड माझ्याकडे परत सरकवलं.

"जरा पुसट आलाय सर," ती म्हणाली. "परत मारा."